पांढऱ्या फिंचची जोडी: दोन्ही माद्याच निघाल्या तर?

आर्णीहून यवतमाळ गाठायचं, झेब्रा फिंचची जोडी आणायची, पिंजऱ्यात मडकं टांगायचं आणि दोन महिन्यांनी कळायचं की दोन्ही माद्याच. विकणाऱ्यानं फसवलंच असेल असं नाही; त्यालाही ओळखता आलेलं नसतं.

‘लाल चोच नर, नारिंगी चोच मादी’ हा नियम खोटा नाही, अपुरा आहे. मूळच्या राखाडी झेब्रात चोच बघायची गरजच नाही. गालावर नारिंगी डाग, छातीवर काळे बारीक पट्टे आणि कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके असले की तो नर. डोळ्याखालची काळी रेघ मात्र दोघांनाही असते. खरी पंचाईत पूर्ण पांढऱ्याची. तिथे या सगळ्या खुणा पुसल्या जातात, उरतो चोचीच्या छटेतला फरक, आणि तो दोघं शेजारी असल्याशिवाय नीट कळत नाही. पिल्लांची चोच तर आधी काळीच असते. तेव्हा डोळ्यांपेक्षा कानावर विसंबा: गातो फक्त नर. मादी आवाज काढते, गाणं म्हणत नाही. बेंगाली फिंचमध्ये नरमादी दिसायला सारखेच, तिथे तर गाण्यावाचून इलाज नाही. तेही नको असेल तर पिसावरून डीएनए तपासणी होते.

‘अंडी घातली, म्हणजे जोडी जमली’ हेही खरं नाही. नर नसतानाही मादी अंडी घालते. एका मादीची चार ते सहा अंडी असतात. मडक्यात आठ-दहा दिसली तर दोन माद्यांचा संशय घ्या. आठवडाभर उबवल्यावर अंधारात टॉर्च धरा. आत लाल शिरा दिसल्या नाहीत तर अंडी पोकळ.

सगळ्यात जास्त घोटाळा रंगाच्या वारशात. ‘मादी राखाडी दिसते, पण आत फॉन (फिकट तपकिरी रंग) आहे’ असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. पक्ष्यांत नराला दोन झेड गुणसूत्रं, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉन रंग झेडवर बसतो आणि मादीला झेड एकच, त्यामुळे तिच्यात तो लपूच शकत नाही. असेल तर दिसेलच. लपतो तो नरात. म्हणून फॉन नर आणि राखाडी मादी लावली तर सगळ्या मुली फॉन, सगळे मुलगे राखाडी. नर की मादी हे मग पिसं फुटतानाच कळतं! उलट जोडी लावलीत, म्हणजे फॉन मादी आणि शुद्ध राखाडी नर, तर एकही पिल्लू फॉन निघत नाही. पांढरा आणि पाइड (पांढरे चट्टे असलेला) हे रंग मात्र झेडवर नाहीत. ते मादीतही लपतात.

तुरेवाल्याशी तुरेवाला लावणं ही हौस महागात पडते. दोन्हीकडून तुऱ्याचा गुण आलेला गर्भ अंड्यातच मरतो, म्हणजे सरासरी चारात एक. तुरेवाल्याला साधा जोडीदार द्या. निम्म्या पिल्लांना तुरा येतोच.

आणि ‘फिंच पाळायला बंदी नाही, मग मुनियाही चालेल’? झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाकडचा. आपली लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित पक्षी आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. कधी त्यांनाच हिरवा-गुलाबी रंग फासून परदेशी म्हणून खपवतात. तसा पक्षी दिसला तर दया येऊन विकत घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.