साखर कारखान्याचे संकट व त्याची पूर्वसूचना

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी तो बांध दुरुस्त करतो व पेरणीपूर्वी बियाण्याची तरतूद करतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना पुष्कळदा संकट दारात आल्यावर जागा होतो. संकट एकाएकी आले, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते कित्येक महिने आधीपासून लहान लहान खुणा दाखवीत असते. या खुणा टिपून त्यांवर वेळीच कृती घडवून आणणाऱ्या व्यवस्थेस पूर्वसूचना व्यवस्था म्हणतात. मोठ्या कंपन्या अशी व्यवस्था जाणीवपूर्वक राखतात. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक इगोर अन्सॉफ यांनी १९७५ साली अशा खुणांस ‘दुर्बल संकेत’ म्हटले व संकेत दुर्बल असतानाच तयारीस लागावे, असे प्रतिपादन केले.

लोकरी माव्याचा धडा

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला. पानाखाली कापसासारखा पांढरा थर, त्यातून गळणारा चिकट गोड स्राव आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी, ही त्याची लक्षणे. थोड्याच काळात ही कीड पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरली. उसाचे वजन घटले आणि साखरेचा उताराही घटला. प्रथम मात्र ती शेताच्या एखाद्या कोपऱ्यातील चार बेटांवरच दिसते. तो कोपरा ज्याने पाहिला, तोच कारखान्याचा पहिला पहारेकरी होय. पुढे डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांनी माव्यास आवर घालण्यास मोठे साहाय्य केले. पण मित्रकीटक सोडावयाचे तरी कोठे, हे बातमी आल्यावाचून कळत नाही.

वारणेचा प्रयोग

बातमी गावातून कारखान्यापर्यंत जलद जावी, या दृष्टीने वारणानगरचे उदाहरण मननीय आहे. कै. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली येथे साखर कारखाना व त्याभोवती सहकारी संस्थांचे जाळे उभे राहिले. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाद्वारे परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचे कार्य हाती घेण्यात आले. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन व बिल यांची माहिती गावातच मिळावी, हा त्यात हेतू होता. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांचाही प्रयोग झाला. साधन कोणतेही असो, ज्या वाटेने बिलाची माहिती गावात येते, त्याच वाटेने शेतातील धोक्याची माहिती कारखान्याकडे जाऊ शकते.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

शेतात : नोंदलेले क्षेत्र व प्रत्यक्ष उभा ऊस यांतील तफावत, कीड व रोग, आणि चांदोली धरणातील विसर्ग. २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला होता. शेंडा बुडून राहिलेला ऊस कुजतो. म्हणून पूर ओसरताच गाळपाचा अंदाज व तोडणीचा क्रम पुन्हा तपासावा.

कारखान्यात : रोजचा उतारा, गाळप बंद राहिल्याचे तास आणि तोडल्यापासून गाळपापर्यंत लागलेला वेळ. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळणे हिताचे; पुढे वजन व साखर दोन्ही घटतात.

हिशेबात : न विकलेल्या साखरेचा साठा, त्यावरील तारण कर्ज आणि ऊसबिलास लागणारे दिवस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक असून, विलंबास १५ टक्के दराने व्याज आहे. हे दिवस वाढू लागणे ही मोठी खूण होय.

सभासदांत : ऊस गुऱ्हाळाकडे किंवा दुसऱ्या कारखान्याकडे वळू लागणे. विश्वास ढळल्याची ही खूण ताळेबंदात फार उशिरा उमटते.

खूण दिसली, पुढे काय?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या क्षेत्रात पहिल्या वळवानंतर सायंकाळी कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे पुष्कळ दिसले. प्रस्तुत लेखकाने तसे पत्र दिले. पत्र नस्तीस लागले आणि पत्र दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे समजून लेखकही स्वस्थ बसला. प्रकाश सापळे लागले नाहीत, भुंगेरे गोळा झाले नाहीत. सप्टेंबरात मुळे खाल्लेला ऊस हाताने ओढताच उपटून येऊ लागला, तेव्हा सर्वांची धावपळ झाली. सूचना मिळाली होती; परंतु ती मिळाल्यावर कोणी, किती दिवसांत, काय करावे, हे ठरलेले नव्हते.

म्हणून प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी हंगामापूर्वीच लिहून ठेवाव्यात : कोणत्या मर्यादेस धोका समजावा, कृती कोणी करावी आणि किती दिवसांत करावी. चुकीचा इशारा देणाऱ्यास कोणी हसू नये. अन्यथा पुढच्या वेळी खरा इशाराही ओठांवरच राहील.

सभासद बंधु-भगिनींनो, गट कार्यालयात जाल तेव्हा केवळ तोडणीची पाळी विचारून परतू नका. शेतात जे वेगळे दिसले ते सांगा, नोंदवून घ्या आणि आठ दिवसांनी त्याचे काय झाले, हे अवश्य विचारा. कारखाना आपला आहे. त्याची राखणही आपल्याच बांधापासून सुरू होते.