रॉकेलमधल्या रेघा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग होता. जर्नलमध्ये त्याचे नाव भारदस्त होते, पण सगळे त्याला ‘रॉकेलचा प्रयोग’च म्हणायचे. काचेच्या चौकोनी पात्रात रॉकेल भरायचे, त्यात वरून क्वार्ट्‌झचा स्फटिक सोडायचा, स्फटिकाला ऑसिलेटर जोडायचा आणि सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश बारीक फटीतून त्या रॉकेलच्या आरपार पाठवायचा. दुर्बिणीला डोळा लावला की फटीची एकच पिवळी रेघ दिसे. ऑसिलेटरची कळ फिरवत नेमक्या जागी आली, की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आणखी रेघा उमटत. कळ केसभर हलली की गुल. बोटांना रॉकेलचा वास आणि कानाला मात्र काहीच नाही, कारण तो आवाज सेकंदाला २० लाख कंपनांचा आणि माणसाच्या कानाची धाव २० हजारांपर्यंत.

त्या रेघा फार जवळजवळ असत. रॉकेलमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १३०० मीटर जातो, म्हणजे आमच्या ध्वनिलाटेची लांबी ०.६५ मिलिमीटर. पिवळ्या प्रकाशाची लहर तिच्याहून हजारपट आखूड, ०.५८९ मायक्रॉनची. एवढ्या लांब लाटेने एवढ्या आखूड लहरीला वळवायचे म्हटल्यावर वळण किती, तर जेमतेम ३ मिनिटांचे, एका अंशाचा विसावा भाग. वर्नियरचे वाचन एका मिनिटाने चुकले की उत्तराचा बट्ट्याबोळ. परीक्षेत हा प्रयोग वाट्याला आला की मुले देवाचे नाव घेत.

हेच वळण आता अर्धवाहकाच्या चिपमध्ये, रॉकेलशिवाय आणि हजारपट वेगाने, घडवून आणण्याची धडपड लीड्सपासून येलपर्यंतच्या प्रयोगशाळांत चालू आहे. ध्वनीने प्रकाशाला वळवायचे, थोपवायचे, त्याची तीव्रता कमी-जास्त करायची. पण त्या धडपडीचे मर्म समजायला रॉकेलपाशीच थोडे थांबावे लागते.

ध्वनिलाट म्हणजे पदार्थात पुढे सरकणारे दाट-विरळ पट्टे. दाट पट्ट्यात प्रकाश किंचित हळू चालतो, विरळ पट्ट्यात किंचित भरभर. फ्रान्सचे लिओं ब्रिल्वां यांनी १९२२ मध्ये दाखवले, की या पट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित व्हायला हवा, तोही एका ठरावीक कोनातच. १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय आणि सीअर्स यांनी, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्युका आणि बिकार यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. दिसले भलतेच. एका रेघेऐवजी दोन्ही बाजूंना रेघांची रांग. त्यातही ध्वनी वाढवत नेला की एखादी ठळक रेघ फिकट व्हायची, तिच्या शेजारची उजळायची. ब्रिल्वांच्या हिशेबात हे बसेना.

उत्तर बंगलोरहून आले. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती. नागेंद्र नाथ या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३५ आणि १९३६ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एकामागून एक निबंध छापले. त्यांची कल्पना इतकी सोपी होती की आधी कुणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते. प्रकाशाची लहर सपाट पत्र्यासारखी आत शिरते. दाट पट्ट्यातला तिचा भाग मागे रेंगाळतो, विरळातला पुढे जातो, आणि बाहेर पडताना पत्रा पन्हाळी झालेला असतो. पन्हाळी लहर पुढे गेली की आपोआप अनेक दिशांना फुटते. कुठल्या दिशेला किती प्रकाश जाणार हे त्या पन्हाळीच्या खोलीवरून गणिताने काढता येते, आणि रेघांचे फिकट-ठळक होणेही त्याच गणितातून बाहेर पडते.

मला यात विशेष वाटते ते असे, की हेच रामन त्याच्या पंधरा वर्षे आधी मृदंग आणि तबल्यावर संशोधन करत होते. मधल्या शाईने चामड्याचा नाद सुरेल कसा होतो, यावर त्यांनी १९२० मध्ये लिहिले होते. नाद आणि उजेड ही त्यांच्या आयुष्यातली दोन प्रेमे, आणि या निबंधांत ती एकत्र आली. रामन परिणामाच्या झगमगाटात हे काम आपल्याकडे झाकोळले गेले. पण ध्वनी आणि प्रकाशाच्या विद्येत जगभर ‘रामन-नाथ विवर्तन’ हा शब्द आजही रोजच्या वापरातला आहे. चांद्रयान-३ च्या प्रणोदन मॉड्यूलवर ‘शेप’ नावाचे उपकरण होते, पृथ्वीकडून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करणारे. त्या प्रकाशातला हवा तो रंग वेगळा काढणारी त्याची चाळणी ध्वनिलहरींवरच चालते.

आता चिपकडे. प्रकाशाला आवरायला वीज आहे, मग ध्वनी कशाला? ध्वनी तर किती मंद! उत्तर नेमके त्या मंदपणातच आहे. सिलिकॉनमध्ये ध्वनी सेकंदाला साधारण ८४०० मीटर जातो. त्याची कंपने सेकंदाला ८.४ अब्ज केली, की लाटेची लांबी भरते १ मायक्रॉन, म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या तोडीची. तितक्याच कंपनांची रेडिओलहर हवेत साडेतीन सेंटीमीटर लांब असते. ती नखाएवढ्या चिपमध्ये मावतसुद्धा नाही. रॉकेलमध्ये ३ मिनिटांच्या कोनात आटपणारे वळण इथे सणसणीत होते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ही युक्ती अर्ध्यापर्यंत आधीच पोहोचली आहे. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवलेली पृष्ठलाट १९६५ मध्ये बर्कलीच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी कंगव्यासारख्या धातूच्या पट्ट्यांनी स्फटिकावर उठवली, आणि आज फोन नको असलेले रेडिओसंकेत तिच्याच आधाराने गाळतो.

तीच लाट प्रकाशाला ओलीस धरू शकते, हे म्युनिकमध्ये व्हिक्सफोर्थ, कोटहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. पदार्थ होता गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यातला अर्धवाहक. त्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी एक पोकळी राहते. दोघे क्षणार्धात पुन्हा भेटतात आणि प्रकाश परत देऊन मोकळे होतात. या पदार्थात लाट चालू लागली की तिच्याबरोबर विजेचे क्षेत्रही चालते. त्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची ताटातूट केली: एक लाटेच्या माथ्यावर, एक खळग्यात. दोघे शेजारी, पण भेट नाही. लाट त्यांना तशीच वाहून नेते आणि वाटेत धातूचा पातळ थर आला की विजेचे क्षेत्र विझते, दोघे भेटतात, आणि प्रकाश बाहेर पडतो, आत शिरला त्या जागेपासून दूर आणि कित्येक मायक्रोसेकंद उशिरा. एका मायक्रोसेकंदात प्रकाश मोकळ्यावर ३०० मीटर निघून गेला असता. लाटेने त्याला जेमतेम ३ मिलिमीटर चालवले. वेळ साठवायची याहून स्वस्त जागा मला तरी माहीत नाही.

सिलिकॉनची गोष्ट जास्त अवघड. त्याच्या स्फटिकाची रचना इतकी सममित की दाबले तरी वीज निघत नाही, आणि वीज दिली तरी लाट उठत नाही. शिवाय चिपमध्ये सिलिकॉनखाली काचेचा थर असतो आणि ध्वनी त्यात झिरपून जातो. येलमधल्या पीटर राकिच यांच्या गटाने खालची काच कोरून काढली, सिलिकॉनचे पातळ पटल पुलासारखे अधांतरी टांगले, आणि लाट उठवायचे काम प्रकाशावरच सोपवले. २०१८ मध्ये अशा टांगलेल्या पटलातून त्यांनी ध्वनीच्या आधाराने चालणारा लेसर उभा केला. त्याला नाव मिळाले ब्रिल्वांचे.

माझ्या मते सर्वांत देखणा प्रयोग लीड्स आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांचा, २०२० मधला. क्वांटम कॅस्केड लेसर १९९४ मध्ये बेल लॅबमध्ये जन्माला आला. त्यात इलेक्ट्रॉन पातळ थरांच्या जिन्यावरून पायरी-पायरीने उतरतो आणि उतरताना प्रकाश सोडतो. टेराहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनांचा, असा लेसर २००२ मध्ये आला. त्याला भराभर मंद-तेज करायचे तर वायरी आणि जोडण्यांचा स्वतःचा विद्युत अडथळाच आड येतो. या संशोधकांनी वायरींचा नाद सोडला. दुसऱ्या एका लेसरचा अतिसूक्ष्म ठोका अॅल्युमिनियमच्या पातळ थरावर मारला. थर एकदम फुगला, ध्वनीचा एकच धक्का चिपमध्ये शिरला आणि अख्खा जिना हादरला. पायऱ्या हलल्या की इलेक्ट्रॉनची उतरण बदलली, उतरण बदलली की प्रकाश बदलला.

किती बदलला? फार तर ६ टक्के. बदल व्हायला लागलेला वेळ त्यांना सुमारे ८०० पिकोसेकंद दिसला, तोही मोजणारे यंत्र त्याहून चपळ नव्हते म्हणून. गणित सांगते की ध्वनी याहून बराच झपाट्याने काम करू शकतो. यावरून डोळे दिपवणाऱ्या इंटरनेटची स्वप्ने लगेच रंगवली गेली. मी जरा सावध आहे. हा लेसर अतिशय थंड ठेवावा लागतो, ठोका मारणारा लेसर चिपच्या मानाने अवाढव्य, आणि टेराहर्ट्‌झ लहरी हवेतली वाफ गिळून टाकते. कोकणातल्या आषाढात त्या लांब जाणार नाहीत. त्यांचे खरे घर बहुधा भिंतींच्या आतच असेल.

तुमच्या घरात कुणी भौतिकशास्त्र शिकत असेल, तर एकदा त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत जा आणि त्या रेघा बघून या. आधी सोडियमचा दिवा लावून ठेवायला सांगा. तो नीट पेटायला दहा मिनिटे लागतात.