जपानी सुपरबाईक सोडून डुकाटी घ्यायची, तर जास्तीचे पैसे नेमके कशाचे जातात?

२००४ मध्ये ‘धूम’ आला आणि सुझुकी हायाबुसा हे नाव गल्लोगल्लीच्या पोरांच्या तोंडी बसलं. ज्यांना बाईकमधलं काही कळत नव्हतं, त्यांनाही हे नाव कळलं. त्यानंतर भारतात मोठ्या बाईकची एक शिडीच तयार झाली. आधी दीडशे-दोनशे सीसी, मग तीनशे-चारशे, मग सहाशे आणि शेवटी हजार सीसीची जपानी बाईक. या शिडीच्या टोकावर पोहोचलेल्या माणसाच्या मोबाईलवर मग एकच फोटो सेव्ह असतो. लाल रंगाची इटालियन डुकाटी पानिगाले.

आता आकडे बघा. २०२५ मध्ये भारतात नवी हायाबुसा आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १६ लाख ९० हजार होती. त्याच वर्षी आलेल्या पानिगाले व्ही४ ची किंमत ३० लाखांच्या घरात, आणि तिच्याच ‘एस’ मॉडेलची साडेछत्तीस लाख. आरटीओ आणि विमा वेगळा. म्हणजे फरक किमान १३ लाखांचा. एवढ्या पैशात गावाकडे घर दुरुस्त होतं किंवा एक चांगली कार येते.

बहुतेकांना वाटतं, हे जास्तीचे पैसे जास्त वेगाचे आहेत. खरं कारण वेगळं आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे बाईक घेतल्यावर वर्षभरात पस्तावणारेही असतात.

जपानने वेग स्वस्त केला

१९६९ मध्ये होंडाने सीबी७५० बाजारात आणली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू. तोपर्यंत मोठी बाईक म्हणजे तेल गळणार, किक मारून पाय दुखणार, हे लोकांनी गृहीत धरलेलं होतं. होंडाने ते बदललं.

१९९२ मध्ये होंडाचे इंजिनिअर तादाओ बाबा यांच्या टीमने फायरब्लेड आणली. इंजिन ८९३ सीसीचं, पण कोरडं वजन फक्त १८५ किलो. १९९८ मध्ये यामाहाने आर१ आणली. १५० हॉर्सपॉवर आणि कोरडं वजन १७७ किलो. कोरडं वजन म्हणजे पेट्रोल, ऑईल वगैरे न धरता.

रेसिंग ट्रॅकवरची ताकद नोकरदार माणसाला हप्त्यावर मिळायला लागली. शिवाय रोज सकाळी ऑफिसला न्या, पावसात भिजवा, बाईक कुरकुर करणार नाही. जपानी कंपन्यांचं खरं यश या भरवशात आहे.

मग डुकाटीचं एवढं नाव कशामुळे?

डुकाटीची सुरुवात १९२६ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात झाली, तीही रेडिओचे सुटे भाग बनवणारी कंपनी म्हणून. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्धानंतर सायकलला लावायचं छोटं इंजिन बनवत कंपनी दुचाकीकडे वळली. बोलोन्याच्या ज्या भागात हा कारखाना आहे, त्याचं नाव बोर्गो पानिगाले. बाईकचं नाव तिथूनच आलं.

जगभर दबदबा निर्माण केला तो १९९४ च्या डुकाटी ९१६ ने. मासिमो तांबुरिनी यांनी डिझाईन केलेली ही बाईक. सायलेन्सर सीटच्या खाली आणि मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं. ताकद ११० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे होंडाच्या फायरब्लेडपेक्षा कमीच. तरीही ब्रिटिश रेसर कार्ल फोगार्टीने डुकाटीवर १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९ अशी चार वेळा वर्ल्ड सुपरबाईक चॅम्पियनशिप जिंकली.

यात नियमांचाही वाटा होता. त्या काळात या स्पर्धेत चार सिलिंडरच्या बाईकला ७५० सीसीची मर्यादा होती, दोन सिलिंडरच्या बाईकला मात्र १००० सीसीपर्यंत मुभा होती. डुकाटी दोन सिलिंडरची होती. तिचं इंजिन कमी आरपीएमलाच जोर लावायचं, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती पुढे निसटायची. आकड्यात मागे असलेली बाईक ट्रॅकवर पुढे जाते, ही डुकाटीची दंतकथा तिथे तयार झाली.

‘डेस्मो’ म्हणजे काय?

डुकाटीच्या चर्चेत हा शब्द हमखास येतो आणि सर्व्हिसचं बिल याच शब्दामुळे वाढतं, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह असतात. नेहमीच्या इंजिनात कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. पण इंजिन खूप वेगात फिरायला लागलं की स्प्रिंगला तेवढ्या पटकन परत येणं जमत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहिला आणि वर येणारा पिस्टन त्याला धडकला, तर इंजिन संपलं.

डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये रेसिंग बाईकवर वेगळा उपाय वापरला. व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम आणि बंद करायलाही कॅम. स्प्रिंगच्या भरवशावर राहायचंच नाही. दाराला स्प्रिंग लावण्याऐवजी एक माणूस दार उघडायला आणि दुसरा बंद करायला उभा करावा, तसं हे आहे.

त्या काळी स्प्रिंगचं पोलाद फार टिकत नसे, म्हणून ही कल्पना कमालीची होती. आज स्प्रिंग इतक्या सुधारल्यात की जपानी बाईक त्यांच्यावरच १३-१४ हजार आरपीएमपर्यंत आरामात जातात. डेस्मो मात्र डुकाटीची ओळख म्हणून टिकून राहिला.

त्याची किंमत सर्व्हिसला मोजावी लागते. साध्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हची एक फट तपासायची असते. डेस्मोमध्ये दोन, एक उघडणारी आणि एक बंद करणारी. पानिगाले व्ही४ मध्ये १६ व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे ३२ फटी. त्या मोजायला बाईक बरीच उघडावी लागते, आणि ज्याचा हात या कामात बसलाय असाच मेकॅनिक लागतो.

ताकद सारखीच आहे का?

जवळजवळ सारखीच. २०१८ ची पहिली पानिगाले व्ही४ ११०३ सीसीची होती आणि तिची ताकद २१४ हॉर्सपॉवर होती. २०२० ची होंडा फायरब्लेड १००० सीसीची, आणि ताकद २१७.

इंजिनाचा स्वभाव म्हणाल, तर तोही आता फक्त इटलीकडे उरलेला नाही. यामाहाने २००९ मध्ये आर१ चा क्रँक असा बदलला की चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. आवाज घुमणारा झाला आणि मागच्या टायरची पकड चालवणाऱ्याला जास्त कळायला लागली. त्याच वर्षी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने एस१०००आरआर आणली. युरोपची बाईक, पण रचना जपानी पद्धतीची, एका ओळीत चार सिलिंडर, आणि किंमत जपानी बाईकच्या जवळपास. ‘युरोपियन म्हणजे नाजूक आणि महाग’ हे समीकरण तिथे बरंच मोडलं.

मग डुकाटीकडे वेगळं काय उरतं? पहिलं, रेसिंगशी थेट नातं. २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग चार वर्षं मोटोजीपीचा विश्वविजेता डुकाटीवर बसलेला होता. आधी दोनदा बान्याया, मग मार्टिन, मग मार्केझ. दुसरं, ‘एस’ मॉडेलवर कंपनीतूनच येणारं ओलिन्सचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि ब्रेम्बोचे भारी ब्रेक. तिसरी गोष्ट मोजता येत नाही. सिग्नलला थांबलं की लोक बघतात. हे कारण कमी दर्जाचं मानायची गरज नाही, पण आपण त्यासाठी पैसे देतोय हे स्वतःशी कबूल केलेलं बरं.

आणखी एक गोष्ट घडते आहे. शिडीच्या जपानी पायऱ्याच कमी होत आहेत. युरोपात प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि यामाहाने तिथे आधी आर६ आणि २०२५ पासून आर१ रस्त्यासाठी विकणं थांबवलं. या बाईक आता तिथे फक्त ट्रॅकसाठी मिळतात. सुझुकी २०२२ च्या शेवटी मोटोजीपीतून बाहेर पडली.

खरा खर्च शोरूमनंतर सुरू होतो

यामाहा आर१ ची व्हॉल्व्ह तपासणी साधारण ४२ हजार किलोमीटरला येते. पानिगाले व्ही४ ची २४ हजारला. वर्षाला चार हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हा फरक लगेच जाणवणार नाही. बाईकवर लांबचे दौरे करणाऱ्याला मात्र जाणवेल.

जुनी डुकाटी घेत असाल तर अजून जपून. ९१६ ते १०९८ या काळातल्या बाईकमध्ये कॅम फिरवायला रबरी बेल्ट आहेत. बेल्ट किलोमीटरने झिजतात, तसे वयानेही खराब होतात. ‘गाडी फार चाललेलीच नाही’ असं विकणारा सांगतो तेव्हा शोरूममध्ये उभ्या राहिलेल्या त्या बाईकचे बेल्ट कधी बदलले, हे विचारायलाच हवं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात, आणि तो खर्च छोटा नसतो.

कंपनीची तब्येतही बघावी लागते. इटलीची एमव्ही अगुस्ता हे चांगलं उदाहरण. तांबुरिनी यांनीच डिझाईन केलेली तिची एफ४ जगातल्या सर्वात सुंदर बाईकमध्ये गणली जाते. पण कंपनीचे मालक बदलत राहिले. २००८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ती घेतली, २०१० मध्ये सोडली. पुढे केटीएमने हिस्सा घेतला, तर २०२४ च्या अखेरीस केटीएमच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि एमव्ही पुन्हा वेगळी झाली. केटीएमला सावरण्यासाठी २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोला पैसा उभा करावा लागला. अशा उलथापालथीत बाईकचा मालक एखाद्या सेन्सरची वाट बघत बसू शकतो. डुकाटी २०१२ पासून आउडीच्या, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या ताब्यात असल्याने तिचा पाया बराच भक्कम आहे.

चालवणार कुठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावरही. उरतात जुने महामार्ग आणि घाट. पानिगाले पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभरच्या पुढे जाते. म्हणजे बाकीचे पाच गिअर कायद्यात राहून पूर्ण वापरताच येत नाहीत.

त्यात उष्णता. व्ही४ चे मागचे दोन सिलिंडर चालवणाऱ्याच्या मांड्यांजवळ येतात. बाईक उभी असताना ते बंद ठेवण्याची सोय डुकाटीने दिली, ती याच त्रासावर उपाय म्हणून. तरी मे महिन्यात शहराच्या ट्रॅफिकमध्ये पाय भाजतात.

आणि सर्वात महत्त्वाचं, जीव. आजच्या सुपरबाईकमध्ये वळणात काम करणारं एबीएस, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, पुढचं चाक उचलू न देणारी यंत्रणा असं सगळं असतं. त्यामुळे नवख्यालाही आपण चांगले रायडर आहोत असं वाटायला लागतं. घाटाच्या वळणावर पडलेली खडी, डिझेल सांडलेला रस्ता, समोरून राँग साइडने येणारा ट्रॅक्टर यांच्यावर कुठल्याही सेन्सरकडे उत्तर नाही. ज्याला सहाशे सीसीची बाईक ताब्यात ठेवायला जमत नाही, त्याला तीस लाखांची बाईक ते शिकवणार नाही.

या बाईकची खरी जागा ट्रॅक आहे. कोइम्बतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडा इथे रेसिंग ट्रॅक आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, नेहमीच्या वाहन विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या बसत नाहीत.

घेण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? नगर किंवा कोल्हापूरहून प्रत्येक सर्व्हिसला पुणे-मुंबई करायची तयारी आहे का?

२. हप्ता भरल्यावर टायर, विमा आणि मोठ्या सर्व्हिससाठी पैसे उरतात का? मागचा टायर मऊ रबराचा असतो, तो काही हजार किलोमीटरमध्ये संपतो.

३. ही एकमेव बाईक असणार की रोजसाठी दुसरी आहे?

४. जुनी असेल तर सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या आहेत का? नसतील तर सौदा कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

५. टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावरच घेतली की दुपारच्या ट्रॅफिकमध्येही?

यातल्या दोन-तीन उत्तरांवर अडखळायला होत असेल, तर मधला मार्ग आहे आणि तो डुकाटीनेच काढलाय. २०२५ ची नवी पानिगाले व्ही२ ८९० सीसीची आहे, ताकद १२० हॉर्सपॉवर. तिच्या इंजिनात डेस्मो नाही, साध्या स्प्रिंग आहेत, आणि व्हॉल्व्ह तपासणी ३० हजार किलोमीटरला. त्याआधी मल्टिस्ट्राडा व्ही४ या लांबच्या प्रवासाच्या बाईकमध्येही कंपनीने डेस्मो काढून टाकला आणि तपासणी थेट ६० हजारवर नेली.

म्हणजे रोज वापरायच्या बाईकला डेस्मो लागत नाही, हे बोलोन्यातल्या लोकांनीही मान्य केलंय. मोठ्या पानिगालेत त्यांनी तो ठेवलाय, कारण ती घेणाऱ्याला तोच हवा असतो. आपण त्यातले आहोत का, हे जास्तीचे १३ लाख मोजण्याआधी ठरवायचं.