हॉरर आणि रोमहर्ष

परवा ग्रंथालयात भयकथांचे कपाट लावीत असता एका तरुण वाचकाने ‘हॉरर’ या शब्दाचे मूळ विचारले, आणि शब्दांच्या वंशावळी धुंडाळण्याचा माझा जुना नाद उफाळून आला.

ज्या लॅटिन ‘होरेरे’ क्रियापदापासून हा शब्द जुन्या फ्रेंचच्या मार्गाने १४व्या शतकात इंग्रजीत दाखल झाला, त्याचा प्रथमार्थ भय हा नव्हेच. ताठ उभे राहणे, अंगावर काटा येणे, हा होय. व्हर्जिल हा रोमन कवी कणसांनी ताठरलेल्या पिकाच्या वर्णनातही याच धातूचे रूप योजतो.

भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृत ‘हृष्’शी जोडतात. म्हणजे रोमांचाच्या एकाच देहधर्मातून तिकडे भय आणि इकडे हर्ष निपजला! तथापि गीतेच्या पहिल्या अध्यायात विषादग्रस्त अर्जुनाला होणारा रोमहर्ष आनंदाचा नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे मूळ अर्थाचा दाखला आपल्या दप्तरीही शाबूत असल्याचे दिसते.

‘टेरर’चे कुळ निराळे. त्याचे लॅटिन मूळ संस्कृत ‘त्रस्’चे, अर्थात आपल्या नित्याच्या त्रासाचे, सगोत्र.

ॲन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकर्तीच्या, तिच्या निधनानंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दोहोंची फारकत आहे: टेरर मनाच्या शक्ती जागवतो, हॉरर त्या गोठवतो. मला ही विभागणी ग्राह्य वाटते. आजचे बहुतेक रक्तबंबाळ चित्रपट मात्र दुसऱ्याच खात्यात जमा करावे लागतील.