दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला?

मुक्ताईनगरहून भुसावळ-जळगावला स्वतः गाडी चालवत जाणाऱ्या मैत्रिणी आता काही कमी नाहीत. दवाखाना, मुलांचं कॉलेज, माहेर... कारणं अनेक. पण वाटेत समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की छातीत धस्स होतं. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि म्हणतो, "ताई, सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." आपण मुकाट्याने पैसे मोजतो. मैत्रिणींनो, जरा थांबा!

आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनर तिथेच जोडतात. तो एक कोड दाखवतो. पण कोड फक्त दुखतंय कुठे एवढंच सांगतो, रोग काय ते नाही. समजा 'पी ०११८' आला. इंजिनमधल्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर खराब असेल, नाहीतर उंदराने वायर कुरतडली असेल, किंवा कनेक्टर नुसता सैल झाला असेल!

मग ओळखायचं कसं? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी, इंजिन चालू करण्याआधी स्कॅनर लावायचा. पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. आपल्या खानदेशातल्या मे महिन्यात स्कॅनर उणे ४० अंश दाखवत असेल, तर बहुधा वायर कुठेतरी तुटली किंवा सुटली आहे.

पुढचं काम मल्टिमीटरचं. सेन्सरचा कनेक्टर काढून त्याचा रोध मोजतात. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो साधारण दोन-तीन हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. तसा उतरत असेल तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष वायरिंगमध्ये शोधायचा.

म्हणून गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचाराच : कोड कोणता आला? वायर आणि कनेक्टर तपासले का? मल्टिमीटरने सेन्सर मोजला का? नुसता कोड पुसून दिवा घालवला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि दिवा पुन्हा लागतो.

एक मात्र लक्षात ठेवा. पिवळा दिवा सारखा लुकलुकत असेल किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी रेटू नका. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करा.

भाजी घेताना आपण दहा वेळा पारखून घेतो. मग हजारोंचा सेन्सर न तपासता का घ्यायचा?