विश्लेषण : जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड चालते का?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात लॅपटॉप बंद पडला की दुरुस्तीसाठी तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. अनेकदा बिघाड फक्त हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी मेमरी कार्ड बसवता येते, पण प्रत्येक लॅपटॉपमध्ये नाही.

कार्डाचा फायदा काय?

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला साधारण ४२०० किंवा ५४०० फेरे घेते. धक्का बसला की ती बिघडू शकते. फ्लॅश मेमरीत फिरणारा भागच नसतो. आवाज नाही, वीजही कमी लागते. रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना दिलेल्या ‘एक्सओ’ लॅपटॉपमध्येही हार्ड डिस्क नव्हती. होती १ जीबी फ्लॅश मेमरी.

कोणते कार्ड चालते?

‘सॅनडिस्क’ने १९९४ मध्ये आणलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड जुन्या ‘आयडीई’ हार्ड डिस्कचीच भाषा बोलते. त्यामुळे साधा अडॅप्टर पुरतो. मोबाइलच्या किंवा एसडी कार्डाला मात्र चिप असलेला वेगळा अडॅप्टर लागतो.

आपला लॅपटॉप कसा ओळखावा?

बॅटरी काढून हार्ड डिस्क बाहेर घ्या. दोन ओळींत ४४ बारीक पिना दिसल्या, तर ती आयडीई. ‘एल’ आकाराच्या दोन चपट्या खाचा दिसल्या, तर ‘साटा’. साटा असल्यास कार्डाच्या भानगडीत पडू नका, २.५ इंची एसएसडी थेट बसते आणि कितीतरी वेगाने चालते.

धोका कोणता?

फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येते. विंडोज सतत छोट्या नोंदी लिहीत असते, त्यामुळे स्वस्त कार्ड अडखळते आणि लवकर झिजते. हलकी लिनक्स टाकून ‘स्वॅप’ बंद ठेवणे बरे. विंडोज एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. तिच्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

आधी काय करावे?

हार्ड डिस्क ‘टकटक’ करत असेल, तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करू नका. फोटो, दाखले, गुणपत्रिका आधी दुसरीकडे उतरवून घ्या. कार्ड नवे मिळेल, गेलेल्या फायली मिळतीलच असे नाही.