स्विचवरचे डीएनएस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॅनेज्ड स्विचवर नेम सर्व्हरचा पत्ता भरतात तो स्विचच्या स्वतःच्या कामासाठी; त्याला जोडलेल्या संगणकांना त्याचा उपयोग नसतो. सुरतेत रिंग रोडवरची कापड मार्केटे किंवा खजोदचे नऊ टॉवरांचे डायमंड बोर्स अशा ठिकाणी एका आवारात शेकडो कार्यालये असतात. तिथे ‘नेट संथ आहे, स्विचमधला डीएनएस बदला’ हा सल्ला मानला, तर दिवस वाया जातो आणि नेट होते तसेच राहते. लेयर-टू स्विच मॅक पत्ता पाहून फ्रेम पुढे पाठवतो. संगणकाने विचारलेल्या नावाशी त्याला कर्तव्य नसते. संगणकाला नेम सर्व्हर बहुधा डीएचसीपी सांगते. डीएचसीपी स्विचवरच चालत असले, तरी सिस्कोच्या आयओएसमध्ये पूलखालची ‘डीएनएस-सर्व्हर’ ही ओळ वेगळी आणि ‘आयपी नेम-सर्व्हर’ वेगळी.

‘स्विच हँग होतो’ ही तक्रारही याच खात्यातली. ‘शो’चे स्पेलिंग चुकले, की आयओएस तो शब्द एखाद्या यंत्राचे नाव समजते आणि टेलनेट करायला जाते. नेम सर्व्हर दिलेला नसेल, तर विचारणा २५५.२५५.२५५.२५५ या ब्रॉडकास्ट पत्त्यावर जाते आणि उत्तराची वाट पाहत कन्सोल काही वेळ अडून बसतो. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबले की सुटका होते. यावर ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ हा उतारा सर्रास शिकवला जातो. सरावाच्या लॅबमध्ये तो ठीक. चालत्या नेटवर्कवर त्याने नावे शोधणेच बंद पडते. त्यापेक्षा कन्सोल आणि व्हीटीवाय लाइनवर ‘ट्रान्सपोर्ट प्रेफर्ड नन’ द्यावे. चुकीचा शब्द लगेच नाकारला जातो, लुकअपही चालू राहते.

लुकअप लागते ते मुख्यतः घड्याळासाठी. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रणांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या टाइम सर्व्हरशी मिळवायची असते. हा सर्व्हर नावाने दिला आणि लुकअप बंद असले, तर लॉगमधल्या वेळांचा भरवसा उरत नाही.

‘आयपी डोमेन-नेम’ म्हणजे नेम सर्व्हर नव्हे. ते अर्धवट नावाला जोडायचे शेपूट आहे. एसएसएचची आरएसए की नेहमीच्या कमांडने बनवतानाही ते आधी मागितले जाते.

दोन नेम सर्व्हर दिले, की एकाला ठाऊक नसलेले नाव दुसरा सांगेल, हाही भ्रमच. दुसऱ्याला विचारले जाते ते पहिला गप्प राहिला तर. ‘असे नाव नाही’ हेही उत्तरच असते. म्हणून सार्वजनिक ८.८.८.८ पहिला ठेवला, तर कार्यालयातली अंतर्गत नावे सापडत नाहीत.

सगळे बरोबर भरूनही नाव उलगडत नसेल, तर मॅनेजमेंट व्हीलॅनचा आयपी आणि ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ तपासावेत, मग फायरवॉलवरचा पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.